चाळीस माणसांची नाव

पालम, नवी दिल्ली
२ नोव्हेंबर १९९५

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

यंदाही भाऊबीजेला येणं झालं नाही. अक्काने ताट करून ठेवलं असेल आणि संध्याकाळच्या एसटीपर्यंत दारात बसली असेल, हे मला इथे बसून दिसतं. पलटणीत असताना रजा मिळत नाही असं सांगायची सोय होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तेच सांगतोय, पण या वेळी ते खरं आहे. नोकरी लागली आहे.

गुडगाव मागे टाकून सोहन्याच्या रस्त्याला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी बांध घातलेला एक जुना तलाव आहे. त्याच्या काठची जमीन एका कंपनीने घेतली आहे. तिथे बंगले होणार, क्लब होणार, फाटकावर पहारा बसणार. आज पाहाल तर नुसते खांब रोवून दोऱ्या ताणल्यात आणि दोऱ्यांच्या मधे बाजरीची धसकटं आहेत. पण दर रविवारी दिल्लीहून लोक मारुतीतून येतात आणि त्या दोऱ्यांच्या चौकटी विकत घेऊन जातात. मी तिथे देखरेखीला आहे.

आता मुद्द्यावर येतो. या लोकांना तलावात फिरवायला कंपनी नाव घेणार आहे. वल्ह्याची होडी नव्हे, पाँटूनची नाव. लोखंडाची पोकळ नळकांडी, त्यावर सपाट मजला, कठडा, वर छत आणि मागे इंजिन. फरिदाबादचा एक कारखानदार दोन मापांत बनवून देतो. मोठी तीन नळकांड्यांची, चाळीस माणसांची. लहान दोन नळकांड्यांची, चौदा माणसांची. साहेबांच्या कानावर गेलं की हा सुभेदार सव्वीस वर्षं सॅपर्समध्ये पाँटूनचे पूल बांधत होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, समोर खुर्ची दिली आणि म्हणाले, "सुभेदार साहब, आप लिखकर दीजिए, बड़ी लें या छोटी. जो आप कहेंगे वही होगा." दाजी, पलटण सुटल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं.

पत्र लिहिण्याचं खरं कारण पुढेच आहे. मोठी नाव घेतली तर परवाना असलेला नावाडी ठेवावा लागेल आणि त्याला तलावाकाठी दोन खोल्यांचं क्वार्टर मिळेल. लहान घेतली तर इथलाच कोणी ट्रॅक्टरवाला इंजिन चालवेल. लाँच चालवायचा परवाना तुमच्याकडे आहे. धरणावरचा पूल येत्या पावसाळ्याआधी सुरू होणार आणि तुमची तर, ती नावेची ने-आण, बंद पडणार, असं तुम्हीच मागे लिहिलं होतं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अक्का बारा वर्षांची. मला तिनेच वाढवलं. विनया जाऊनही आता चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. रात्री जेवायला बसलो की समोरच्या भिंतीशी बोलावं लागतं. तुम्ही दोघं इकडे या. मी मोठ्या नावेचीच शिफारस करणार आहे. तरी पाण्यावरचा माणूस म्हणून तुमचं मत कळवा.

आपला,
पांडुरंग


मु. निवळी, जि. सातारा
२० नोव्हेंबर १९९५

सुभेदारसाहेब, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या अक्कानं ते दोनदा वाचायला लावलं आणि क्वार्टरचा भाग तीनदा. भाऊबीजेचं ताट केलं होतं, ते शेवटी मी खाल्लं. ओवाळलं मात्र नाही मला.

मत मागितलंस म्हणून सांगतो, लहान घे. तू पूल बांधलेस, मी तीस वर्षं माणसं ने-आण केली. चाळीस माणसांची नाव चाळीस माणसं बसली तरच शहाण्यासारखी चालते. सातच बसली तर तिला मी नेत नाही, वारा नेतो. रविवारी येतील तुझे मारुतीवाले, सोमवार ते शनिवार कोण येणार? आणि माझ्यासाठी म्हणून मोठी घेत असशील तर तसं करू नकोस. नावाड्याची सोय बघून नाव घेतात हे मी आजवर ऐकलेलं नाही.

दुसरं असं की, नळकांडी किती, छत कसं, माणसं किती, हे सगळं तू लिहिलंस. पाणी किती ते लिहिलं नाहीस. मे महिन्यात त्या तलावात किती पाणी राहतं? आमचं धरण केवढं ते तुला ठाऊक आहे. तरी वैशाखात पाणी इतकं मागं जातं की आपल्या बुडालेल्या शेताचे बांध वर येतात आणि माणसं त्यांवर बसून नावेची वाट बघतात. ज्या वर्षी हे विसरलो त्या वर्षी माझी नाव महिनाभर गाळात बसली होती. तेव्हा आधी मे महिना बघ, मग साहेबाला लिहून दे.

आता अक्काचे प्रश्न. क्वार्टर तळमजल्यावर आहे का? पाणी भरायला चढावं लागतं का? दवाखाना किती लांब? शेजारी कोणी मराठी बोलणारं आहे का? सगळ्यांची उत्तरं दे, नाहीतर मला रोज ऐकावं लागेल. तिची तब्येत बरी आहे. थंडीचा जरा दम लागतो, एवढंच.

तात्याराव


पालम, नवी दिल्ली
१७ डिसेंबर १९९५

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

अक्काचे प्रश्न वाचून हसलो. क्वार्टर तळमजल्यावरच असेल, आज फक्त पाया खणलाय. पाणी नळाने येईल. दवाखाना गुडगावात आहे, मोठा इलाज हवा असला तर दिल्लीला जावं लागतं, बसने दीड तास. मराठी शेजार तलावावर नाही. छावणीत आपल्याकडची पुष्कळ बिऱ्हाडं आहेत, रविवारी नेईन. अक्का आत्तापासून दवाखान्याची चौकशी का करते? दिल्लीची भीती वाटते असं दिसतं. तिला सांगा, इथेही माणसंच राहतात.

तुमच्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर मापाने देतो. ट्रकची फुगवलेली ट्यूब घेतली, तिच्यावर बसून दोरीला दगड बांधून खोली मोजली. जेटीपाशी सात फूट, मधे अकरा, बांधाच्या कडेला चौदा. मोठी नाव पूर्ण भरली तर दोन फूट बुडते, इंजिनाचा पंखा त्याच्याखाली दीड फूट. म्हणजे चार फूट पाणी पुरे. तीन फूट जास्तीचं आहे. याहून पक्कं उत्तर कोणता इंजिनियर देईल?

बांधावर फजरू चाचा म्हणून एक म्हातारा राखणदार आहे. कंपनी येण्याच्याही आधीपासून आहे. तो म्हणतो, "सूबेदार साब, मेरे बचपन में पानी ऊपर की सीढ़ी धोता था. अब हर साल दो सीढ़ी नीचे जाता है." तिथे उभा असलेला विक्रीवाला मुलगा लगेच म्हणाला, "अंकल, चाचा तो ऐसे ही बोलते हैं. पानी कहाँ जाएगा यार?" म्हाताऱ्या माणसांना आपल्या लहानपणीचं सगळंच मोठं आठवतं. मी दोरीवर विश्वास ठेवतो.

इथलं काम बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. बंगल्यांसाठी आणि बागेसाठी चार ठिकाणी बोअर मारताहेत, तीनशे फूट खाली. मशीन दिवसरात्र चालू असतं. दोन वर्षांत इथे गाव उभं राहील. त्या गावाच्या पहिल्या माणसांत तुमचं नाव असेल.

एक विचारतो, राग मानू नका. लहान घे, लहान घे, असं तुम्ही लिहिता, ते नावेसाठी की इकडे यायचं नाही म्हणून? यायचं नसेल तर स्पष्ट लिहा. मी अक्काला दोष देणार नाही.

पांडुरंग


निवळी
१२ जानेवारी १९९६

चि. पांडुरंगास आशीर्वाद.

यायचं नाही असं मी कुठे लिहिलं? पत्र परत वाच. मी लहान नाव घे म्हटलं, म्हणजे नाव लहान घे. त्यात दुसरं काही नव्हतं. तुझं लहानपणापासून असंच. कोणी भाकरी अर्धी वाढली की तुला वाटायचं तो तुझ्यावर रुसलाय.

तुझी मापं बरोबर असतील. सॅपर माप चुकत नाही. पण तुझा पूल किती दिवसांचा असायचा रे? तूच सांगायचास, रात्रीत बांधला, तीन दिवस गाड्या नेल्या, चौथ्या दिवशी उचलला. तुला त्या दिवशीचं पाणी बघायची सवय आहे. मला वर्षाचं पाणी बघावं लागतं. डिसेंबरातलं सात फूट मला सांगू नकोस. तो चाचा पायऱ्या सांगतोय ना, मग जा आणि पायऱ्या मोज. वरच्या पायरीपासून पाण्यापर्यंत किती कोरड्या आहेत ते कळव. आणि तीनशे फूट खाली चार भोकं पाडलीत म्हणतोस. त्यांतून येणारं पाणी कुठून येणार? तुझ्याच तलावाच्या पोटातून की आणखी कुठून?

बाकी इथली हकीकत. पुलाचे गाळे पुरे झाले. जूनपासून एसटी पुलावरून जाणार. परवा पाच माणसं घेऊन निघालो, तर ती सगळी वाटेत पुलाकडेच बघत होती. मी वल्ही नसलेल्या नावेत बसलोय असं वाटलं.

अक्का विचारते, तुझी पालमची खोली केवढी आहे? आणि क्वार्टर व्हायला उशीर असेल तर आधी तिथेच येऊन राहिलं तर चालेल का? उन्हाळ्याच्या आत आलं तर बरं, असं ती म्हणते. तू शिवरात्रीला चार दिवस येऊन गेलास तर मग घाई नाही. ये. नुसतं पत्रावर भागवू नकोस.

तात्याराव


पालम, नवी दिल्ली
१० मार्च १९९६

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. शिवरात्रीला येता आलं नाही, कारण त्याच आठवड्यात कागद द्यायचा होता. दिला. मोठ्या नावेची शिफारस केली, साहेबांनी सही केली, फरिदाबादला नळकांडी वळायला घेतली आहेत. अक्षय्य तृतीयेला नाव पाण्यात उतरेल. नावाड्याच्या जागी तुमचं नाव लिहून दिलं आहे. साहेब म्हणाले, "आपके जीजाजी हैं तो ठीक ही होंगे." क्वार्टरच्या भिंती खांद्यापर्यंत आल्या आहेत. मी रोज संध्याकाळी आत जाऊन उभा राहतो. चूल कुठे, अक्काची खाट कुठे, ठरवून ठेवलं आहे.

पायऱ्या मोजल्या. काळजीचं कारण नाही.

पालमची खोली विचारू नका. तिसरा मजला, एक खाट आणि एक स्टोव्ह. पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो आणि बादल्या वर चढवाव्या लागतात. मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अक्काला मी तिथे आणणार नाही. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात काढलं. आधी काकाच्या, मग धरणात गाव गेल्यावर पुनर्वसनाच्या पत्र्याखाली. माझ्याकडे येईल ती नीट घरात येईल. पंखा असेल, नळ असेल, समोर पाणी असेल. तेवढं करण्याइतका तरी मी सुभेदार झालोय.

तुमच्या नावेला आत्ता गिऱ्हाईक आलं तर सोडू नका. जूननंतर तिला कोण विचारणार?

पांडुरंग


निवळी
१४ एप्रिल १९९६

चि. पांडुरंगास आशीर्वाद.

नाव विकली. वरच्या अंगाला अजून पूल नाही, तिकडच्या माणसानं नेली. तो उतारावरून ती लोटत होता आणि त्याला ती कुठे धरायची ते कळत नव्हतं. मी जाऊन दाखवलं. मग घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. तुझा कागद गेलाय, आता लहान-मोठीचा वाद नको. मोठी तर मोठी. चालवीन.

पुण्याहून झेलमची दोन तिकिटं काढली आहेत. सोमवारी २७ मे रोजी निघायचं, मंगळवारी संध्याकाळी नवी दिल्ली. जून नको. पाऊस लागला की इथून बाहेर पडताना अक्काला त्रास होईल. क्वार्टरला छप्पर नसलं तरी येतोय. अक्का म्हणते, छप्पर आम्ही आल्यावर घाला, मी खाली बसून बघेन.

पायऱ्या किती ते तू लिहिलं नाहीस. माझ्या लक्षात आलंय. पण आता विचारत नाही.

तात्याराव


पालम, नवी दिल्ली
११ मे १९९६

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र मिळाल्याबरोबर तिकिटं रद्द करा. इतक्यात येऊ नका.

सगळं सांगतो. अक्षय्य तृतीयेला नाव उतरवली. बँड होता, नारळ मी फोडला. अडतीस माणसं चढवली आणि नाव पाण्यावर अशी बसली की फरिदाबादच्या कारखानदाराने माझा हात दाबला. तलावाला दोन चकरा झाल्या. त्या दिवशी मला वाटलं की सव्वीस वर्षं मी याच कामाची तयारी करत होतो. घरी येऊन अक्काला पत्र लिहायला बसलो होतो, पण म्हटलं, समोर आल्यावर दाखवू.

त्यानंतर रोज पाणी बोटभर, दोन बोटं असं उतरत गेलं. बोअर चारावरून अकरावर गेल्या होत्या. मेच्या पहिल्या आठवड्यात जेटीपाशी तीन फूट राहिलं. मी सांगितलं, नाव बांधाकडच्या खोल भागात नेऊन ठेवू. साहेब म्हणाले, गिऱ्हाईक जेटीवर येतात, बांधावर नाही. गुरुवारी वीस माणसं बसलेली असताना पंखा गाळात गेला. माणसांना गुडघाभर चिखलातून काढावं लागलं. बायकांच्या चपला आत राहिल्या. नाव आता एका बाजूला कलून तिथेच पडली आहे. तिच्या सावलीत फजरू चाचाच्या बकऱ्या बसतात.

पायऱ्यांचं सांगतो. जानेवारीत तुमचं पत्र आल्यावर मोजल्या होत्या. नऊ कोरड्या होत्या. चाचाला विचारलं, गेल्या वर्षी या दिवसांत किती? तो म्हणाला, पाच. मला तिथेच कळलं होतं. कागदावर एक रकाना होता, उन्हाळ्यातली खोली. त्यात मी लिहिलं, पुरेशी. लहान नावेची शिफारस केली असती तर ती बांधाच्या कडेने पाऊस येईपर्यंत तरली असती. पण लहान नावेबरोबर क्वार्टर नव्हतं. साहेबांनी काल सगळ्यांदेखत माझाच कागद माझ्यापुढे टाकला आणि विचारलं, "यह आपकी ही लिखावट है न?" मी हो म्हटलं. नोकरी गेली. नावाड्याची जागा रद्द झाली, आणि त्या भिंतींत आता सिमेंटच्या गोण्या ठेवल्यात.

तुम्ही नाव विकलीत ती माझ्या शब्दावर. त्याचं काय करू ते मला सुचत नाही. दसऱ्यापर्यंत मी दुसरी नोकरी बघतो, नीट जागा बघतो, मग स्वतः न्यायला येतो. अक्काला माझं हे तोंड दाखवायचं नाही. तिला एवढंच सांगा की क्वार्टरला उशीर आहे.

पांडुरंग


निवळी
३० जून १९९६

पांडुरंगा,

तू विचारलंस, दहाव्याच्या दिवशी घाटावर विचारलंस आणि आता पत्रातही तेच, की अक्का इतकी आजारी होती तर मला का कळवलं नाही. घाटावर मी तोंड फिरवलं. समोरासमोर सांगणं मला जमलं नसतं. लिहितो.

गेल्या दिवाळीनंतर तिला साताऱ्याला दाखवलं होतं. हृदयाची झडप खराब झालीय म्हणाले. मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर वर्ष काढलं तरी पुष्कळ. ती म्हणाली, ऑपरेशन नको, पांडूकडे न्या. तुला कळवायचं नाही ही तिचीच शपथ. "कळलं तर तो नोकरी टाकून धावत येईल. इतक्या वर्षांनी त्याला कोणी खुर्ची देऊन मत विचारलंय, तेवढं तरी त्याला करू द्या." मला ते पटलं नव्हतं. म्हणून दवाखाना विचारत राहिलो, तळमजला विचारत राहिलो. तुला वाटलं, तिला दिल्लीची भीती वाटते. तुला कळेल असं मी लिहिलंच नाही, तेव्हा तुझी चूक नाही.

तुझं ११ मेचं पत्र सतराला आलं. तिला उशीर आहे एवढंच सांग असं तू लिहिलं होतंस. पण पत्र आलं की तिला पहिल्या अक्षरापासून ऐकायचं असतं, आणि माझं वाचन कुठे अडखळतं ते तिला कळायचं. सगळं वाचून दाखवलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, मी सांगते ते लिहा. लिहून घेतलं. म्हणाली, आजच टाका.

मी टाकलं नाही.

पांडुरंगा, मला तुझा राग आला होता. नऊ पायऱ्या तुला दिसल्या आणि तू मला काळजीचं कारण नाही असं लिहिलंस, आणि त्या शब्दावर मी माझी नाव दुसऱ्याच्या हातात दिली. म्हटलं, याला चार दिवस कळू दे. म्हटलं, याने परत एक पत्र टाकावं, या म्हणावं, मग जाऊ. ते पत्र सदऱ्याच्या खिशात घालून मी साताऱ्याला गेलो आणि तिकिटं रद्द करून आलो. तिला सांगितलं, पत्र टाकलं. आठ दिवस ती पेटीत लुगडी घालत होती आणि काढत होती. रोज पोस्टमन वळणावर दिसला की विचारायची, पांडूचं आलं का? मी म्हणायचो, इतक्यात कसं येईल, दिल्ली काय जवळ आहे? पंचवीस तारखेला दुपारी भाकरी थापता थापता ती भिंतीला टेकली आणि तशीच राहिली. तू तार मिळाल्यावर निघालास, अठ्ठावीसला पोचलास. तोपर्यंत सगळं झालं होतं.

त्या दिवशी तू माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणालास, दाजी, मी तिला येऊ नको म्हटलं. मी तुला नुसतं उठवलं. तू येऊ नको म्हटलंस हे खरं आहे. पण ती तुझं ऐकणार नव्हती. ती येत होती. तिला अडवलं ते मी. हे तुला कळल्याशिवाय मला तुझ्याशी दुसरं काही बोलता येणार नाही, आणि कळल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही ते मला ठाऊक नाही.

तिचं पत्र सोबत घातलं आहे. तिनं सांगितलं तसंच लिहिलंय. माझा त्यात एक शब्द नाही.

तात्याराव


निवळी
१८ मे १९९६

पांडू,

ह्यांनी तुझं पत्र वाचलं. तू येऊ नका म्हनलास. का येऊ नका? नाव रुतली तर रुतली. मी काय नाव बघायला येत नव्हते.

हे लिहून घेतायत, पण बसलेत फुगून, त्यांच्याकडं लक्ष देऊ नको. नाव विकली म्हणून मनाला लागलंय. चार दिवसांनी निवळतील. त्यांना माणसं वाहून न्यायची सवय, रिकामं बसवत नाही. तुझ्या पालमला टँकर येतो म्हनलास ना, त्या बादल्या त्यांना वाहू दे.

तुझी खोली बारकी आहे म्हनतोस. काकाच्या घरी आपण दोघं दळणाच्या कोपऱ्यात झोपत होतो, तुझे पाय माझ्या पोटावर असायचे. तेवढी तर जागा असंल? तिसरा मजला आहे तर मी हळूहळू चढंन. एकदा वर चढले की खाली उतरायचं कामच नाही मला. ऊन तर इथं पण लागतं. एक सांगते, तू कागदावर खोटं लिहिलंस ते मला आवडलं नाही. त्या साहेबाला जाऊन तसं सांगून ये, मग ते मनात ठेवू नको. माझ्यासाठी लिहिलंस हे मला कळतं. पण मी तुला घर मागितलं नव्हतं रे.

दसऱ्याचं काही काढू नको. दसरा लांब आहे. आम्ही सोमवारी निघतोय, तिकिटं आहेत. ह्यांनी मोडा म्हटलं तरी मी मोडू देणार नाही. तुझ्यासाठी कुळथाचं पीठ घेतलंय आणि गोधडी घेतलीय. आणखी काही पाहिजे असलं तर लगेच कळव, म्हणजे पेटीत जागा ठेवते.

गाडी मंगळवारी संध्याकाळी पोचते. मला गर्दीत माणूस ओळखू येत नाही, तेव्हा तूच डब्यापाशी ये. नोकरी गेली तर आता रजा कुणाला मागायची नाही. वेळेवर ये.

तुझी,
अक्का